वायवायझेडवाला

११ जानेवारी २०२०. शनिवार. सकाळचे पावणेआठ झाले असतील. शनिवारी मी एवढ्या लवकर कधी उठत नाही, पण त्या दिवशी का कोण जाणे जाग आली होती आणि चहाचा कप घेऊन मोबाईल चाळत बसलो होतो. टोरांटोहून माझ्या कॉलेजच्या रूम-पार्टनरचा एका ओळीचा मेसेज येऊन पडला होता. "नील गेला रे."

आता आमच्या दोघांच्या माहितीतला नील नावाचा माणूस एकच, आणि तो आम्हाला ओळखत असण्याचा काही संबंधच नव्हता. मी "आई गं" असं काहीतरी म्हणालो असणार, कारण समोर मटार सोलत बसलेल्या आईने मान वर केली.

"काय झालं रे? कोण गेलं?"

"कोणी नाही गं."

"कोणी नाही काय? आपल्यातलं कोणी आहे का?" (म्हणजे सुतक, आंघोळ, कोणाकोणाला कळवायचं हे सगळं तिच्या डोक्यात सुरू झालं होतं.)

"नाही गं आई. तो वायवायझेडवाला गेला."

आईचे हात थांबले. "अगं बाई! तो? काय वय होतं त्याचं?"

"सदुसष्ट."

"हे काय जायचं वय आहे?" म्हणाली. ती स्वतः त्र्याहत्तरची. मग थोडा वेळ मटार तसेच पडून राहिले.

तर हा वायवायझेडवाला म्हणजे नील पिअर्ट, कॅनडाच्या 'रश' या बँडचा ड्रमर. (आम्ही हॉस्टेलवर त्याला वर्षानुवर्षं 'पर्ट' म्हणायचो. स्पेलिंगवरून आणखी काय कळणार? खरा उच्चार बऱ्याच उशिरा कळला आणि तेव्हा जीभ वळेना.) ७ जानेवारीला कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला तो गेला, आणि जगाला ते तीन दिवसांनी, १० तारखेला, कळलं. मेंदूचा कॅन्सर होता, ग्लायोब्लास्टोमा. ऑगस्ट २०१६ मध्येच निदान झालं होतं. म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षं तो आजारी होता आणि आम्हा चाहत्यांना, जे त्याच्या ड्रमकिटमधल्या प्रत्येक झांजेचा व्यास सांगू शकतात त्या लोकांना, याची गंधवार्ता नव्हती. या साडेतीन वर्षांबद्दल मला बोलायचंच आहे, पण आधी मटार का थांबले ते सांगतो.

१९९४ साल. इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष. हॉस्टेलवर कोणाच्या तरी कोणाच्या तरी चुलतभावाने अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटची कॉपी, तिची कॉपी आणि तिची कॉपी असं होत होत एक टीडीकेची नव्वद मिनिटांची टेप आमच्या खोलीत आली. एका बाजूला 'मूव्हिंग पिक्चर्स' (१९८१). कव्हर नाही, गाण्यांचे शब्द नाहीत, बॉलपेनने लिहिलेली नावं तेवढी. त्यात तिसरं नाव नुसतं तीन अक्षरं, वाय वाय झेड. आम्हाला वाटलं लिहिणाऱ्याला नाव माहीत नसावं म्हणून त्याने आपलं काहीतरी खरडलंय.

लहानपणी मी चार वर्षं तबला शिकलो होतो. गांधर्वच्या दोन परीक्षाही दिल्या होत्या. मग दहावी आली आणि मध्यमवर्गीय घरात जे होतं ते झालं, डग्गा माळ्यावर गेला. पण मांडीवर मात्रा मोजायची सवय जात नाही. त्यामुळे रॉक ऐकताना मला जरा कंटाळाच यायचा, सगळा कारभार चारात. 'टॉम सॉयर' हे त्या कॅसेटमधलं पहिलं गाणं. ऐकताना मधेच माझी मांडी आणि तो ड्रमर यांचं जमेना. परत मागे नेऊन ऐकलं. परत चुकलं. चौथ्यांदा लक्षात आलं, अरेच्चा, हा सातात वाजवतोय! रूपकाचे सात! आणि वाजवतोय असा की रूपक बिपक कोणाच्या लक्षातही येऊ नये, पोरांनी माना हलवत राहाव्यात. त्या रात्री झोप आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती कॅसेट घेऊन नाशिकला घरी गेलो. डेकवर लावली. तिसरं गाणं सुरू झालं, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "हे काय रे वाय वाय झेड, वाय वाय झेड लावलंयस?"

मी उडालोच. तिला नाव कसं कळलं? कॅसेटला तर तिने हातही लावला नव्हता.

आई तार ऑफिसात होती. १९६७ साली लागली तेव्हा मोर्स शिकून लागली होती. टेलिप्रिंटर आल्यावर मोर्सचं काम संपलं तरी तिच्या कानातून काही ते गेलं नाही. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि डेकसमोर उभी राहून तिने मला टेबलावर वाजवून दाखवलं. डा डिट डा डा, हा वाय. परत डा डिट डा डा, दुसरा वाय. डा डा डिट डिट, झेड. गाण्याचं नाव हाच त्या गाण्याचा ठेका होता! आमच्या अख्ख्या विंगला जे सहा महिन्यांत कळलं नव्हतं ते आईने कांदा चिरता चिरता ओळखलं होतं.

मग आम्ही दोघांनी बसून हिशोब केला. डॅशला दोन आणि डॉटला एक धरला तर वाय होतो सातचा, दुसरा वाय सातचा, झेड सहाचा. सात, सात, सहा. वीस. दोन-दोनचे गट केले की दहा मात्रा. झपतालाइतक्या. वायवायझेड हे टोरांटोच्या विमानतळाचं कोडनाव. तिथला बीकन तीच अक्षरं मोर्समध्ये पाठवत राहतो. बँडवाले एकदा छोट्या विमानातून घरी परतत असताना तो ठेका त्यांनी कॉकपिटमधल्या रेडिओवर ऐकला आणि त्याचं गाणं केलं. हे सगळं मला पुढे कळलं. पण ठेका आईने सांगितला. तेव्हापासून आमच्या घरी नीलचं नाव वायवायझेडवाला.

त्याचं चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म १९५२, ओंटारियोतलं हॅमिल्टन. वडिलांचं शेतीच्या यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान, तिथे तो कामाला होता. रशचा पहिला ड्रमर जॉन रुट्सी याने १९७४ मध्ये, पहिला अल्बम निघालेला असताना आणि अमेरिकेचा दौरा तोंडावर असताना, बँड सोडला. जुलैच्या २९ तारखेला नील बँडमध्ये आला आणि १४ ऑगस्टला पिट्सबर्गमध्ये दहा हजारांवर लोकांसमोर वाजवायला बसला. बासवाला गायक गेडी ली आणि गिटारवाला अॅलेक्स लाइफसन हे शाळेपासूनचे दोस्त, हा तिसरा बाहेरचा. पुस्तकं फार वाचतो म्हणून गाणी लिहायचं कामही याच्याच गळ्यात पडलं. ते त्याने शेवटपर्यंत केलं. सगळ्यात मागे बसलेला माणूस लिहिणार आणि सगळ्यात पुढे उभा असलेला ते गाणार. (सुरुवातीला त्याच्यावर आयन रँडचा प्रभाव होता. पुढे तो त्यातून बाहेर आला. आमच्या हॉस्टेलवर ज्यांनी एकोणिसाव्या वर्षी 'फाउंटनहेड' वाचलं त्यातले काही अजून बाहेर यायचेत. असो.)

सगळंच आवडतं असं नाही हं. ऐंशीच्या दशकातले त्याचे इलेक्ट्रॉनिक ड्रम्स मला आजही ऐकवत नाहीत, आणि काही गाण्यांचे शब्द म्हणजे सरळ सरळ निबंध आहेत. पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी त्याला वाटेल ते माफ करतो.

१९९४-९५ मध्ये, म्हणजे बरोबर आम्ही त्या कॅसेटची पारायणं करत होतो तेव्हा, हा माणूस बेचाळीस वर्षांचा होता. रॉक ड्रमरांमध्ये त्याचं नाव पहिल्या दोन-चारांत घेतलं जात होतं. जगभरातली पोरं त्याचा एकेक ठोका घोटत होती. आणि हा गेला फ्रेडी ग्रूबर नावाच्या म्हाताऱ्या जाझ गुरूकडे शिकायला! बडी रिचच्या स्मरणार्थ एक अल्बम करताना त्याला वाटलं होतं की आपलं वाजवणं ताठर झालंय. ग्रूबरने त्याला अगदी मुळापासून सुरू करायला लावलं. काठी कशी धरायची इथपासून. डाव्या हाताची तीस वर्षांची सवय मोडून तळवा वर करून जुन्या पद्धतीने काठी धरायची. ठोका पडतो तेव्हा काय होतं याच्याइतकंच दोन ठोक्यांच्या मधे हात कसा फिरतो ते बघायचं. महिनोन्महिने रोज रियाझ, आणि या काळात अल्बम नाही, दौरा नाही.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, चालणाऱ्या कोडला हात लावायचा नाही. मी स्वतः हे किती ज्युनियर पोरांना ऐकवलंय. नीलचा कोड तर नुसता चालत नव्हता, धावत होता, एकही तक्रार नव्हती. तरी त्याने तो उघडला. याने काय फरक पडला? खरं सांगायचं तर सामान्य श्रोत्याला फारसा नाही. काही चाहते तर म्हणाले, आधीचंच बरं होतं. पण मी चाळिशी ओलांडल्यावर एकदा नवीन लँग्वेज शिकायला बसलो आणि माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलीकडून कोड रिव्ह्यूमध्ये लाल शेरे घेतले, तेव्हा मला सारखा ग्रूबरसमोर काठी धरायला शिकणारा तो माणूस दिसत होता. लाज वाटायची थांबली असं नाही, पण बसून राहिलो.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये त्याची एकोणीस वर्षांची मुलगी सेलेना मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी बायको जॅकी कॅन्सरने गेली. त्याने बँडमधल्या दोघांना सांगितलं, मी रिटायर झालो असं समजा. आणि मोटरसायकल काढून निघाला. चौदा महिने, अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर. त्यावर 'घोस्ट रायडर' नावाचं पुस्तक आहे. त्यात शहाणपणाचे डोस नाहीत, हवा कशी होती, रस्ता कसा होता, आज काय खाल्लं, आज किती रडलो असं सगळं आहे. माझे वडील गेले तेव्हा मी ते तीनदा वाचलं.

त्या काळात बँडच्या दोघांनी दुसरा ड्रमर शोधला नाही. थांबले. २००२ मध्ये तो परत आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रश पहिल्यांदाच ब्राझीलला गेला. रिओच्या माराकाना स्टेडियमची डीव्हीडी आहे, ती मिळवून बघाच. वायवायझेड हे शब्द नसलेलं गाणं आहे, नुसती वाद्यं. आणि चाळीस हजार लोक ते गातायत! शब्द नाहीत तर गिटारची धून गातायत, उड्या मारत. मी आईला दाखवलं तर ती म्हणाली, "एवढ्या लोकांना मोर्स येतं?"

आता २०१५.

मी तेव्हा चार महिन्यांसाठी न्यू जर्सीत ऑनसाइट होतो. २९ जूनला मॅडिसन स्क्वेअर गार्डनला रशचा कार्यक्रम होता. माझ्या खोलीपासून ट्रेनने तासाभराचा रस्ता. आणि त्याच आठवड्यात रिलीज. सोमवारी संध्याकाळी मी नाही असं म्हटलं असतं तर कोणी अडवलं असतं का? नसतं. मी विचारलंच नाही. एवढा मोठा दौरा बहुधा शेवटचा असं त्यांनी सांगितलं होतं, पण सगळे बँड असंच म्हणतात, पुढच्या वेळी बघू, असं म्हणून मी लॉग फाइल्स बघत बसलो. त्या रिलीजमध्ये काय होतं ते आज मला आठवत सुद्धा नाही.

पुढची वेळ आलीच नाही. १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. एरवी कार्यक्रम संपल्यावर नील कधी पुढे येत नसे, ड्रमकिटमागून उठून थेट निघून जायचा. त्या दिवशी तो पुढे आला आणि त्याने दोघांना मिठी मारली. चाहत्यांना तेव्हाच समजायला हवं होतं. खांदे दुखत होते, पायाला जखम झाली होती, आणि आपल्याला हवं तसं वाजवता येत नाही म्हटल्यावर थांबायचं हे त्याचं ठरलेलं होतं. घरी दुसऱ्या लग्नाची छोटी मुलगी होती, ऑलिव्हिया. शाळेतल्या मैत्रिणींना ती 'माझे बाबा रिटायर्ड ड्रमर आहेत' असं सांगते हे त्यानेच लिहिलं होतं. वर्षभरात आजार निघाला.

तर त्या साडेतीन वर्षांबद्दल. तो गेल्यावर चाहत्यांमध्ये, अगदी माझ्या रूम-पार्टनरसकट, एक सूर होता. आम्हाला सांगायला हवं होतं. आम्ही चाळीस-चाळीस वर्षं प्रेम केलं, आम्हाला निरोप घेता आला असता. मलाही पहिले दोन-तीन दिवस तसंच वाटत होतं.

पण या माणसाने काही लपवून ठेवलं नव्हतं हो! 'लाइमलाइट' गाणं १९८१ चं आहे, त्याच कॅसेटवरचं. प्रसिद्धीचा झोत आपल्याला झेपत नाही, लोकांची लगट चालत नाही, हे त्याने तिशीच्या आत स्वच्छ लिहून ठेवलंय. चाहत्यांना भेटायचे, फोटो काढायचे कार्यक्रम बाकीचे दोघं करायचे, हा नाही. नव्वदीच्या दशकापासून तर तो एका गावाहून दुसऱ्या गावाला मोटरसायकलनेच जायचा. आपण आत टाळ्या वाजवत असायचो आणि हा पार्किंगमधून बाहेर पडलेला असायचा. याला काहीजण माज म्हणायचे. मला तो व्यवहार फार चोख वाटतो. तिकिटाच्या बदल्यात तीन तास, त्यात एकही ठोका ढिला नाही. त्यापलीकडचं माझं. आपल्याकडे आवडत्या नटाला ताप आला तरी हॉस्पिटलबाहेर गर्दी होते, आणि आता तर माणूस सलाईनसकट स्वतःचा फोटो टाकतो आणि खाली आपण हात जोडलेल्या बाहुल्या पाठवतो. नीलला ती साडेतीन वर्षं मुलीला शाळेतून आणायला आणि मित्रांबरोबर जेवायला हवी होती. आम्हाला कळलं असतं तर ती आमची झाली असती. रोज कोणीतरी रडत दारात. आणि गेडी-अॅलेक्सला या काळात लोक सारखे विचारायचे, परत कधी वाजवणार? ते काहीतरी उडवाउडवी करायचे. चाहत्यांशी, ओळखीच्यांशी, इतकी वर्षं. मैत्री म्हणतात ती ही.

मला जे दुःख झालं ते खोटं होतं का मग? अनोळखी माणसासाठी? आईने त्या दिवशी आंघोळ केली नाही, पण रात्री देवापाशी दिवा लावताना "त्या वायवायझेडवाल्याला" असं काहीतरी पुटपुटली. मला तेवढं पुरलं.

हे सगळं पुन्हा वर यायचं कारण म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेडी आणि अॅलेक्सने २०२६ चा दौरा जाहीर केला. ड्रम्सवर अॅनिका निलेस, जर्मनीची, २०२२ मध्ये जेफ बेकच्या दौऱ्यात वाजवलेली. सुरुवात लॉस एंजेलिसच्या त्याच फोरममध्ये. नीलच्या बायकोने आणि मुलीने पाठिंबा दिलाय. तरी लगेच सुरू झालं. त्याच्या जागी कोणी बसूच कसं शकतं, पैशासाठी चाललंय, हा अपमान आहे वगैरे. त्यात एक बाई बसणार याचा काहींना जो वेगळा त्रास झाला तो त्यांनी फारसा लपवलाही नाही.

या मंडळींना मी एवढंच विचारेन, १९७४ साली नील कोणाच्या जागी बसला होता? २०१५ चा दौरा त्यांनी उलटा रचला होता. नव्या गाण्यांपासून सुरू करून मागे मागे जायचं. स्टेजवरचं सामानसुद्धा कमी होत होत शेवटी शाळेच्या जिममध्ये खुर्च्यांवर ठेवलेले अॅम्प्लिफायर उरायचे. शेवटचं गाणं 'वर्किंग मॅन'. ते पहिल्या अल्बममधलं आहे. त्यावर ड्रम्स रुट्सीचे. म्हणजे नील पिअर्टने रशबरोबर वाजवलेलं शेवटचं गाणं त्याच्या आधीच्या ड्रमरच्या जमान्यातलं होतं. त्याला त्यात अपमान दिसला नाही, मग आपण कोण?

दौरा जाहीर झाला त्या दिवशी रूम-पार्टनरचा मेसेज आला. "टोरांटोची तिकिटं काढू का? नील नाही म्हणून येणार नसशील तर आत्ताच सांग."

त्या आठवड्यात काय रिलीज आहे ते मी बघितलं नाही. "काढ" म्हणून टाकलं.

"गिटारच्या बाजूची की बासच्या?"

"मधली. ड्रम्स दिसले पाहिजेत."

मग लॅपटॉप उघडून विमानाचे दर बघायला बसलो. मुंबई ते टोरांटो. उजवीकडच्या चौकोनात ती तीन अक्षरं आली आणि माझं बोट टेबलावर चालू झालं असावं, कारण आतल्या खोलीतून आई म्हणाली, "झेड चुकला तुझा. शेवटी दोन डिट."